सुतळी कापा, बोटं राखा

टोमॅटोच्या एका एकराला किती सुतळी लागते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. दोन ओळींत पाच फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर धरलं, तर एकरात साधारण ५,८०० रोपं बसतात. वरची तार जमिनीपासून सहा फुटांवर. खाली खोडाला आणि वर तारेला गाठ मारायची, त्यासाठी आणखी फूटभर. म्हणजे रोपामागे सात फुटांचा एक तुकडा. हे सगळे तुकडे एकापुढे एक ठेवले तर लांबी बारा किलोमीटरच्या वर जाते. दिंडोरीहून नाशिकला निघालात तर जवळपास निम्मा रस्ता. यात आडवी बांधणी धरलेलीच नाही.

मला मात्र लांबीपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. ५,८०० तुकडे म्हणजे ५,८०० वेळा कापणं. जून-जुलैत लागवड झाली की तीनेक आठवड्यांत रोपं आडवी व्हायच्या आत बांधायची असतात, वर पावसाची उघडीप साधायची असते. या घाईत सुतळी कोण कापतं आणि कशानं कापतं, इकडे कुणाचं लक्ष नसतं. मुकादम रोपं मोजतो, मालक तारेचा ताण बघतो. सुतळीचं बंडल आणि विळा मात्र शेडच्या कोपऱ्यात ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे जातो; बहुतेक वेळा एखाद्या वयस्क बाईकडे नाहीतर सुटीवर आलेल्या पोराकडे.

द्राक्षबागेतही तेच. कलम केलेल्या नव्या बागेत कोवळी फूट बांबूला दर काही इंचांवर बांधत न्यावी लागते, पुढे ओलांडे तारेला बांधायचे, खरड छाटणीनंतर काड्या सावरायच्या. तिथं तुकडे छोटे लागतात, वीतभराचे, पण त्यांची संख्या टोमॅटोलाही मागे टाकते. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर अशा पट्ट्यात, जिथं एकाच घरात द्राक्ष आणि टोमॅटो दोन्ही आहेत, तिथं सुतळी कापणं हे जवळजवळ बारमाही काम आहे.

कापायच्या पद्धती तुम्ही पाहिल्याच असतील. पहिली, दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा बोटांच्या चिमटीत धरून. ब्लेड स्वस्त आणि धारदार, पण त्याला मूठ नाही. सुतळी तुटली की हात झटक्यानं पुढे जातो आणि ब्लेड चिमटीतच फिरतं. दुसरी, हात आणि कोपराभोवती सुतळी गुंडाळायची आणि एका बाजूनं विळा ओढायचा. इथं धार कुणाच्या दिशेनं येते ते सांगायला नको. तिसरी त्यातल्या त्यात हुशारीची: बाजेच्या दोन पायांभोवती किंवा फळीभोवती वेढे द्यायचे आणि एकाच ठिकाणी सगळे वेढे कोयत्यानं तोडायचे. मापाचे तुकडे एकदम मिळतात खरे, पण पन्नास वेढे कापायला जोर लावावा लागतो आणि शेवटचे दोन-चार वेढे अचानक सुटले की कोयता कुठं जाईल याचा नेम नाही. किराणा दुकानदार पुडी बांधून झाली की सुतळीचा फास सुतळीवरच आवळून झटक्यात तोडतो. ती कला चांगली आहे, पण ती तागाच्या बारीक सुतळीपुरती. प्लॅस्टिकच्या सुतळीवर तोच प्रयोग केला तर सुतळीऐवजी बोटाची कातडी सोलून निघते.

पात्याच्या या तिन्ही पद्धतींत दोष एकच: सुतळी स्थिर आणि पातं हातात हलतं. तुटण्याच्या क्षणी हाताचा जोर एकदम मोकळा होतो, आणि जे हलतं ते पुढे जातं. हलतं ते पातं असेल तर जखम होते. हलती ती सुतळी असेल तर काहीच होत नाही. आपल्या घरातली विळी याच तत्त्वावर चालते, पातं पाटाला पक्कं आणि हातात फक्त भाजी. विळीवर बोट कापतं ते पातं उघडं असतं म्हणून. तेव्हा पातं पक्कं करायचं आणि वर झाकायचंही. टेबलावर बसवायचा एक लाकडी ठोकळा एवढं काम करतो, आणि तो गावातला कुठलाही सुतार घटकाभरात करून देईल.

सामान असं: बारा मिमी जाडीच्या प्लायचे चार इंच बाय चार इंचाचे दोन तुकडे, खाली बसवायला फूटभर लांबीची जाड फळी, दोन बोल्ट आणि त्यांना विंग नट, दोन एल-पट्ट्या, आणि कागद कापायच्या मोठ्या कटरचं, म्हणजे १८ मिमी रुंदीचं, पातं. प्लाय नवीन आणायची गरज नाही. फर्निचरच्या दुकानामागे असे तुकडे पडलेले असतात.

प्लायचे दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळा आणि वरच्या कडेच्या मध्यभागी दोन्हींना एकत्रच करवतीनं उभी फट पाडा. एकत्र अशासाठी, की वेगवेगळ्या पाडलेल्या फटी समोरासमोर येत नाहीत आणि मग सुतळी आत अडते. फटीची खोली तीस मिमी, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास. रुंदी तीन ते साडेतीन मिमी. करवतीचा एक घास पुरत नाही, दोन घ्यावे लागतात. तोंडाशी फट थोडी तिरकी तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी करा, म्हणजे न बघताही सुतळी आत घसरेल. पण हे तासणं पाच मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर मारून फटीच्या कडा गुळगुळीत करा, नाहीतर तागाचे तंतू तिथं अडकून फट बुजते.

आता दोन्ही तुकडे वेगळे करा आणि एकाच्या आतल्या बाजूवर पातं तिरकं ठेवा, धार वर, साधारण ४५ अंशांत. धार फटीला जिथं आडवी जाते ती जागा वरच्या कडेपासून किमान बारा मिमी खाली असली पाहिजे. पात्याच्या शेपटाला एक भोक असतं. त्यातून एक बोल्ट घाला, म्हणजे पातं सरकणार नाही. पात्याची जाडी अर्धा मिमी असते, तेव्हा उरलेल्या जागेत तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा घालावा लागतो. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम. पुठ्ठ्यालाही फटीच्या जागी तेवढीच खाच द्यायला विसरू नका. दुसरा तुकडा वर ठेवून विंग नट आवळले की पातं दोन प्लायच्या मधोमध बंद झालं. बाहेरून कुठूनही धार दिसत नाही; दिसते ती फक्त एक अरुंद फट.

पातं तिरकं का, हे सुताराला समजावून सांगा, नाहीतर तो सवयीनं सरळ बसवेल. सरळ धारेवर सुतळी नुसती दाबली जाते. दाबून ताग तुटत नाही, वाकतो. तिरक्या धारेवर सुतळी दाबली जाते आणि त्याच वेळी धारेवरून सरकतेही. हे सरकणंच कापतं. जोर कमी लागला की झटका कमी बसतो, आणि झटका कमी तर हात ताब्यात.

फटीच्या रुंदीवर मी इतका अडून का बसलो आहे, तेही सांगतो. यंत्रांच्या संरक्षक जाळ्या किती अंतरावर असाव्यात यासाठी आयएसओ १३८५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १४ वर्षांपुढच्या माणसाच्या बोटांचा विचार करून अंतरं दिली आहेत. फट चार मिमीपर्यंत असेल तर धोक्याची जागा अवघी दोन मिमी आत असली तरी चालते, कारण बोटाचं टोक आत शिरतच नाही. फट चार ते सहा मिमी झाली की अंतर दहा मिमी लागतं. सहा ते आठला वीस मिमी. आणि आठ ते दहा मिमीच्या फटीला थेट ऐंशी मिमी, कारण आता टोक नव्हे, आख्खं बोट आत जाऊ शकतं. म्हणजे सुताराच्या हातून फट ‘थोडीशीच’ मोठी झाली, तर आपल्या चार इंची ठोकळ्यात ती सुरक्षित करायला जागाच उरत नाही. आपली फट साडेतीन मिमीची आणि धार वरून, पुढून, मागून बारा मिमी आत, म्हणजे गरजेपेक्षा बरंच जास्त. तपासायला सोपी युक्ती: आगपेटीची काडी सहज आत जावी, पण पेन्सिल तोंडाशीच अडावी. मधल्या मापांसाठी पट्टी लावा, अंदाजावर सोडू नका.

तयार ठोकळा फळीवर एल-पट्ट्यांनी उभा पक्का करा आणि फळी टेबलाला स्क्रूनं किंवा शिकंज्यानं आवळा. हे आवळणं वगळू नका. सुटा ठोकळा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं सुतळी ओढली, की फिरून तोच प्रकार. टेबलाची उंची उभ्या माणसाच्या कमरेएवढी हवी. जमिनीवर मांडी घालून काम करायची सवय असेल तर फळी जड पाटावर बसवा, फक्त तो पाट पायानं दाबून धरायची वेळ येऊ नये एवढा जड असू द्या.

मापाची सोयही याच फळीला जोडता येते. सात फुटांचा तुकडा हवा असेल तर ठोकळ्यापासून साडेतीन फुटांवर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक खुंटी ठोका. ठोकळ्यात पात्याच्या फटीपासून थोड्या अंतरावर आणखी एक करवतीचा काप घ्या, एकाच घासाचा, सुतळीहून अरुंद. यात पातं नाही. याचं काम सुतळीचं टोक चिमटून धरणं. टोक या कापात अडकवा, सुतळी खुंटीला वळसा घालून परत आणा, फटीवर ठेवा आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी धरून खाली ओढा. तुकडा पडला. नवं टोक हातातच आहे, ते परत कापात अडकवा. पाच-दहा तुकडे झाले की अडकवलेली टोकं मोकळी करा. तुकडे खुंटीवरच मधोमध दुमडलेले जमा होत जातात, त्यामुळे पन्नासाची जुडी उचलून एका गाठीनं बांधली की गुंता होत नाही. बांधणाऱ्या बाया ती जुडी कमरेला खोचतात आणि एकेक तुकडा ओढून घेतात. सगळी टोकं एका दिशेला असली की त्यांचंही काम सरकतं.

वीतभराच्या तुकड्यांना खुंटीची गरज नाही. फळीवरच रेघ मारा.

बंडल टेबलाखाली गडगडत ठेवू नका. तागाच्या सुतळीचं बंडल आतून सोडायचं असतं. आतलं टोक शोधून काढा, बंडल एखाद्या रिकाम्या डब्यात ठेवा, झाकणाला भोक पाडून त्यातून सुतळी वर घ्या. भोकाच्या कडा पत्र्याच्या असतील तर त्यावर जुन्या ठिबकच्या नळीचा तुकडा चिरून बसवा. ठिबकच्या नळीचे तुकडे दिंडोरीत कुणाच्या शेडमध्ये नाहीत?

आता पात्याबद्दल. तागात धूळ आणि बारीक कचरा असतो, त्यामुळे धार लवकर जाते. सुतळी फटीत वाकायला लागली, टोकाला मिशा फुटू लागल्या, किंवा ओढताना हिसका द्यावा लागू लागला, की पातं बदलायची वेळ झाली. बोथट पातं जास्त सुरक्षित असा एक समज आहे; तो मनातून काढून टाका. बोथट पात्याला माणूस जोर लावतो आणि जोर चुकला की अपघात होतो. पातं बदलताना धरायचं ते पकडीनं, बोटांनी नाही. जुनी पाती झाकणाच्या डब्यात साठवा आणि डब्यावर ठळक लिहा. उकिरड्यावर टाकलेलं पातं शेणखताबरोबर शेतात जातं आणि पुढच्या वर्षी अनवाणी पायाला सापडतं.

हाच ठोकळा माल भरायच्या शेडमध्ये नेणार असाल तर एक पथ्य जास्त पाळा. कटरच्या पात्यावर मोडून टाकायच्या तिरक्या रेषा असतात. तिथून तुकडा उडाला तर तो थेट मालाच्या खोक्यात जाऊ शकतो. म्हणूनच निर्यातीच्या अन्नसुरक्षा नियमांत, उदाहरणार्थ बीआरसी मानकात, मोडती पाती वापरायला मनाई आहे. शेडसाठी सलग, जाड पातं बसवा आणि सकाळी काम सुरू होताना व संध्याकाळी बंद होताना ते जागेवर अखंड आहे का, हे एकानं बघायचं ठरवून द्या.

प्लॅस्टिकची सुतळी या ठोकळ्यावर स्वच्छ कापली जाते, फक्त टोकं उसवतात. ती मेणबत्तीवर चिकटवायची पद्धत आहे, पण ती टाळा. वितळलेलं प्लॅस्टिक कातडीला चिकटलं की निघत नाही आणि भाजणं खोलवर जातं. शेडमध्ये पाचट आणि कागदी खोकी असतातच. टोकाला साधी गाठ मारा, तेवढ्यानं भागतं. खरं म्हणजे टोमॅटोला तागच बरा. हंगाम संपल्यावर तो मातीत कुजतो. प्लॅस्टिकची सुतळी कुजत नाही. ती रोटाव्हेटरच्या शाफ्टला गुंडाळून बसते, आणि ती काढायला परत कुणीतरी विळा घेऊन शाफ्टखाली हात घालतो. पीक उपटून गुरं सोडली तर पाल्याबरोबर प्लॅस्टिक जनावराच्या पोटात जातं, ते वेगळंच. वापरलीच, तर उपटणीच्या वेळी तुकडे गोळा करायचा रोज हिशेबात धरा.

गेल्या वर्षीची सुतळी मात्र वाचवू नका, तागाची असो की प्लॅस्टिकची. टोमॅटोचे मोझॅक विषाणू हातांतून, अवजारांतून आणि रोगट झाडाला लागलेल्या सामानातून पसरतात. सुतळीचे वाचलेले पैसे एका रोगट ओळीत जातात. तंबाखू मळलेल्या हातानं रोपं बांधू नयेत हेही त्याच कारणासाठी. हात साबणानं धुऊन कामाला लागायचं, हा नियम मालकानं स्वतःपासून सुरू करावा. बांधताना खोडाभोवतीचा फास बोट शिरेल इतका सैल ठेवा. खोड जाड होत जातं, सुतळी सैल होत नाही.

बाजारात बोटात अंगठीसारखी घालायची छोटी पातीही मिळतात. शेतात उभ्यानं एखादं टोक छाटायला ती सोयीची आहेत, पण कामगार ती घालूनच कपाळाचा घाम पुसतो. शेकड्यानं तुकडे करायला ती देऊ नयेत. दिवसाचे लागतील तेवढे तुकडे आदल्या संध्याकाळी ठोकळ्यावर करून ठेवले, तर शेतात धारदार काही न्यावंच लागत नाही. ही सवय लागली तर निम्मं काम झालं म्हणून समजा. आणि ठोकळा कितीही सुरक्षित असला तरी तो पोरांच्या हाती देऊ नका. ती खिळा, काडी, पान, काहीही फटीत घालून बघतात, त्यांची बोटंही बारीक असतात. काम नसेल तेव्हा फटीवर लाकडी पाचर बसवून ठेवा.

इतकं करूनही कधी कापलंच, तर स्वच्छ फडकं जखमेवर दाबून हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटं फडकं उघडून बघू नका. सारखं बघत राहिलं की रक्त थांबत नाही. हळद, चुना, तंबाखू, माती यातलं काहीही जखमेत भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, किंवा टोक बधिर झालं असेल, तर नस वा शीर तुटलेली असू शकते. वाट बघू नका. बोटाचा तुकडा सुटा झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा, तुकडा थेट बर्फावर नको. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारा. दिंडोरीला आणि वणीला ग्रामीण रुग्णालय आहे. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या मजुराला ते कुठं आहे हे ठाऊक असेलच असं नाही, आणि रोज बुडेल या भीतीनं तो बोटाला चिंधी बांधून तसाच पुढच्या ओळीला लागतो. त्याच्यासोबत माणूस द्या, गाडी द्या, आणि त्या दिवसाचा रोज कापू नका.